परदेशी विद्यापीठाबरोबर मातीवर काम करताना

आपल्या कृषी विद्यापीठांना परदेशी विद्यापीठांची सोबत नवी नाही. १९६०मध्ये पंतनगरचं विद्यापीठ इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं उभं राहिलं. पुढे अमेरिकी सरकारच्या मदत कार्यक्रमात सहा अमेरिकी विद्यापीठांनी वेगवेगळ्या राज्यांना हात दिला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आलं. शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे नवं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवणं) ही तिन्ही कामं एकाच संस्थेनं करायची, ही आज स्वाभाविक वाटणारी रचना त्या काळातून आली आहे. आजच्या भागीदारीचं स्वरूप मात्र आटोपशीर असतं: तीन-चार वर्षं, ठरलेली रक्कम, एक नेमका प्रश्न.

अशा प्रकल्पांचे करार, नमुने आणि हिशेब हाताळताना जे पुन्हा पुन्हा दिसलं ते इथं मांडत आहोत. सामंजस्य करारावर सह्या होतात, बातमी छापून येते. काम अडतं ते त्या करारात ज्यांचा उल्लेखच नसतो अशा जागी. नमुना कुठून कुठे जाणार, पैसा कसा येणार आणि मोजमाप कोणत्या पद्धतीनं होणार, हे आधी लिहून झालं नाही तर चांगली माणसं आणि पुरेसा निधी असूनही हंगाम वाया जातो. उदाहरण म्हणून सोयाबीन-तुरीच्या काळ्या जमिनीतल्या सेंद्रिय कर्बावरचा (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणाऱ्या कार्बनवरचा) प्रकल्प घेऊ, कारण त्यात हे सगळे प्रश्न एकदम येतात.

सह्यांपर्यंत

सामंजस्य करार हा हेतू सांगणारा कागद. दोन-तीन पानं, बहुधा पाच वर्षांची मुदत, आणि दोन्ही संस्थांवर आर्थिक बंधन येत नाही असं एक वाक्य. संपर्क अधिकारी म्हणून नाव न लिहिता पदनाम लिहावं. बदली किंवा निवृत्तीनंतर नावाचा उपयोग राहत नाही.

मसुदा दोन कलमांवर हमखास अडतो. पहिलं, वाद झाला तर कायदा कोणाचा. तिकडचा वकील स्वतःच्या राज्याचा कायदा घालून मसुदा पाठवतो, आपले विधी अधिकारी तो खोडून भारतीय कायदा लिहितात, आणि मसुदा महिनोन्‌महिने फिरत राहतो. करार मुळात बंधनकारक नसेल तर हे कलमच वगळावं आणि ‘मतभेद दोन्ही संस्थांचे प्रमुख चर्चेनं सोडवतील’ एवढं ठेवावं; दोन्ही बाजूंना ते चालतं. दुसरं, नुकसानभरपाईची हमी. दुसऱ्याच्या चुकीची अमर्याद जबाबदारी आपलं विद्यापीठ घेऊ शकत नाही, आणि अमेरिकेतल्या अनेक सरकारी विद्यापीठांनाही त्यांच्या राज्याच्या कायद्यामुळे ती घेता येत नाही. तुम्हाला अशी हमी देता येते का, असं पहिल्याच पत्रात विचारलं तर बऱ्याचदा कलम तिकडूनच मागे घेतलं जातं.

मंजुरीची साखळी लांब आहे. विभागप्रमुख, संशोधन संचालक, विधी शाखा, कार्यकारी परिषद, आणि विषयाप्रमाणे पुण्याची महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, राज्याचा कृषी विभाग व दिल्लीचा कृषी संशोधन आणि शिक्षण विभाग. कार्यकारी परिषदेची बैठक चुकली की फाईल पुढच्या बैठकीपर्यंत थांबते. म्हणून वेळापत्रक शेतापासून उलटं मांडावं. माती घ्यायची ती तूर निघाल्यावर आणि उन्हाळी नांगरटीच्या आधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यासाठी परवानग्या डिसेंबरअखेर हातात हव्यात. त्या एप्रिलमध्ये आल्या तर तोवर नांगर फिरून ढेकळं वर आलेली असतात, ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर हे थर एकमेकांत मिसळलेले असतात, आणि थरवार कर्ब मोजण्याला काही अर्थ उरत नाही.

खरं बंधन येतं ते प्रकल्प करारात आणि त्याला जोडलेल्या कार्य आराखड्यात. आराखडा सारणीच्या रूपात असावा: कोणतं काम, कोणाकडे, कोणत्या महिन्यात, किती नमुने, कोणती पद्धत, खर्च कोणत्या शीर्षातून. लेखनश्रेयही इथंच ठरवावं. शेतावर वर्षभर राबलेल्या संशोधन सहायकाचं नाव आभारांत टाकून द्यायचं हे आम्हाला मान्य नाही. नमुना, विश्लेषण आणि लेखन यांत कोणाचा किती वाटा असेल तर लेखक म्हणून नाव येईल, हे दोन ओळींत लिहिता येतं. प्रकाशनापूर्वी मसुदा दुसऱ्या बाजूला ३० दिवस वाचायला मिळेल, हेही.

पैसा

अमेरिकी केंद्र सरकारचं अनुदान तिकडच्या विद्यापीठाला मिळतं आणि आपण उप-अनुदान घेणारी संस्था होतो. त्यासाठी यूईआय नावाचा ओळख क्रमांक लागतो; एप्रिल २०२२पासून त्यानं जुन्या डन्स क्रमांकाची जागा घेतली. अर्ज सोपा आहे, अडचण नावाची आहे. एका कागदावर ‘कृषी विद्यापीठ’, दुसऱ्यावर ‘अ‍ॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी’, तिसऱ्यावर जिल्ह्याचं जुनं नाव असं असलं की पडताळणी परत येते. पॅन, बँक खातं, विद्यापीठाच्या स्थापनेचं राजपत्र आणि अर्ज यांतलं इंग्रजी नाव अक्षरशः एकच ठेवावं.

ही उप-अनुदानं बहुतेक वेळा खर्च झाल्यावर भरपाई मिळेल या तत्त्वावर असतात. आपल्याकडे खात्यात रक्कम जमा झाल्याशिवाय खर्चाला मान्यता मिळत नाही. या दोन नियमांच्या मध्ये संशोधन सहायकाचा पगार अडकतो. पहिल्या तिमाहीची रक्कम आगाऊ मिळेल आणि तिचा हिशेब दिल्यावर पुढची येईल, असं करारातच मागावं. सही झाल्यावर ते बदलणं फार कठीण जातं.

अप्रत्यक्ष खर्चाचा वाटा मागायला अनेक संस्था विसरतात. ज्या संस्थेचा अमेरिकी सरकारशी ठरलेला दर नाही तिला तिथल्या नियमांप्रमाणे सरसकट दर लावता येतो. तो १० टक्के होता, १ ऑक्टोबर २०२४पासून १५ टक्क्यांपर्यंत झाला. तो सगळ्या रकमेवर लागत नाही, उपकरणांची खरेदी त्यातून वगळलेली असते. वीज, प्रयोगशाळेची देखभाल, लेखा शाखेचा वेळ हा खर्च खराच आहे आणि तो मागण्यात संकोच नको.

परदेशी निधीच्या कायद्याचा, म्हणजे एफसीआरएचा, प्रश्न पहिल्याच आठवड्यात सोडवावा. कायद्यानं स्थापन झालेल्या आणि ज्यांचे हिशेब कॅगकडून तपासून घेणं बंधनकारक आहे अशा संस्थांना यातून सूट आहे. आपलं विद्यापीठ त्यात बसतं का, हे विद्यापीठाच्या नियंत्रकांकडून (हिशेबांच्या प्रमुखांकडून) लेखी घ्यावं. स्वयंसेवी संस्था किंवा खासगी न्यासाचं महाविद्यालय सोबत असेल तर जास्त जपावं लागतं. २०२०च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणजे आधी सगळा पैसा एका न्यासाकडे आणि मग तिथून गावपातळीवरच्या संस्थेला, ही जुनी पद्धत बंद झाली. प्रत्येक भागीदाराची स्वतःची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत त्यासाठीचं खातं हवं, किंवा त्याचं काम निधीशिवाय आखायला हवं.

एक बारीक गोष्ट. अमेरिकी केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आपलं १ एप्रिलला. उपयोगिता प्रमाणपत्र मार्चअखेरचं आणि प्रगती अहवाल सप्टेंबरअखेरचा असे दोन आकडे कायम वेगळे दिसतात. तिमाहीवार नोंदवही ठेवली तर दोन्ही त्यातून काढता येतात.

नमुन्याची वाट

माती निर्जीव वाटते, पण तिच्यात सूक्ष्मजीव असतात आणि जैविक विविधता कायदा, २००२ नुसार सूक्ष्मजीव हे जैविक संसाधन आहे. परदेशी संस्थेला ते घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. हे कलम ३. सरकारी पातळीवरच्या सहयोगी संशोधनासाठी कलम ५ची वेगळी वाट आहे. केंद्र सरकारनं २००६मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रकल्प बसत असेल आणि संबंधित खात्यानं त्याला मान्यता दिली असेल तर कलम ३ व ४ची स्वतंत्र परवानगी लागत नाही, प्राधिकरणाला माहिती कळवावी लागते. मात्र यातून पेटंटची मोकळीक मिळत नाही. बौद्धिक संपदेचा हक्क मागायचा तर कलम ६ लागू होतंच. आणि नमुना तिसऱ्या संस्थेला परस्पर देता येत नाही, हे साहित्य हस्तांतरण करारात, म्हणजे नमुने देण्याघेण्याच्या करारात, ठळक लिहावं. परदेशी प्राध्यापक विद्यापीठ बदलतात आणि नमुने सोबत नेतात, तेव्हा हे वाक्य उपयोगी पडतं. कायद्यात २०२३मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२४पासून लागू आहे. जुन्या प्रकल्पाच्या फायलीतले नमुना-अर्ज तसेच वापरू नयेत.

आमचा आग्रह असा की जे इथं मोजता येतं ते इथंच मोजावं. सामू (पीएच), क्षारता, चुनखडी, उपलब्ध पालाश हे आपल्या प्रयोगशाळेत नीट होतं. सूक्ष्मजीवांचा डीएनए इथंच वेगळा करून त्याचं अनुक्रमणही (सिक्वेन्सिंग) भारतात करून घेता येतं आणि माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात जमा करता येते. गोठवलेली माती कोरड्या बर्फात (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) पाठवण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. कोरडा बर्फ साध्या थर्माकोलच्या खोक्यातून दिवसाला दोन ते पाच किलो उडून जातो. शुक्रवारी सीमाशुल्काकडे अडकलेल्या खोक्यात सोमवारी कोमट चिखल उरतो. पाठवायचंच असेल तर सोमवारी पाठवावं.

रासायनिक तपासणीसाठी माती पाठवताना प्रत्येक नमुन्याची २० ते ५० ग्रॅम वाळवलेली, चाळलेली माती पुरते. ती अमेरिकेत जायची तर तिकडच्या प्रयोगशाळेकडे परदेशी माती आणण्याचा, पीपीक्यू ५२५ या अर्जावर मिळणारा परवाना हवा. परवान्याची प्रत आणि त्यासोबतचं लेबल खोक्यावर लावावं. दुहेरी वेष्टन करावं: आत घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बाटली, बाहेर न फाटणारी पिशवी, मग खोका. परवाना प्रयोगशाळेला मिळालेला असतो. त्याच विद्यापीठातल्या शेजारच्या विभागाच्या पत्त्यावर खोका गेला तरी तो अडवला जातो आणि नष्ट होऊ शकतो. म्हणून प्रत्येक नमुन्याचा निम्मा भाग इथं राखल्याशिवाय काहीही पाठवू नये.

बियाण्याची वाट वेगळी. संशोधनासाठी परदेशातून येणारं बियाणं दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमार्फत, आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र घेऊन येतं आणि विलगीकरणातून जातं. पाहुण्यांच्या बॅगेतून ‘थोडंसंच’ बी आणणं हा गुन्हा आहे आणि नव्या रोगाला दिलेलं आमंत्रणही. अन्न व कृषी वनस्पती संसाधनांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या मूळ ६४ पिकांच्या यादीत तूर, हरभरा, ज्वारी आहेत. सोयाबीन, भुईमूग, ऊस नाहीत. त्यामुळे एकाच प्रकल्पातल्या तुरीला तयार प्रमाणित हस्तांतरण करार मिळतो आणि सोयाबीनला स्वतंत्र बोलणी करावी लागतात.

एकच माती, दोन आकडे

भागीदारीत सर्वांत जास्त मनस्ताप होतो तो इथं. आपली प्रयोगशाळा म्हणते सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के, तिकडची म्हणते १.१ टक्के. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

आपल्याकडे वॉकली-ब्लॅक पद्धत चालते. एक ग्रॅम माती, १० मिली एक नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, २० मिली तीव्र गंधकाम्ल, ३० मिनिटं थांबून २०० मिली पाणी, मग फॉस्फरिक आम्ल, डायफिनिलअमाइनचे थेंब आणि फेरस अमोनियम सल्फेटनं अनुमापन. या क्रियेत बाहेरून उष्णता दिली जात नाही, त्यामुळे सरासरी ७६-७७ टक्केच सेंद्रिय कर्ब जळतो आणि निकालाला १.३ नं गुणायचं असतं. हे गुणन केलं की नाही, हे अहवालात लिहिलेलं नसतं. जुने तक्ते वापरताना आधी ते शोधून काढावं.

तिकडचं यंत्र माती साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला जाळतं आणि निघालेला सगळा कार्बन डायऑक्साइड मोजतं. या तापमानाला चुनखडीही फुटते. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाच्या १२ टक्के कर्ब असतो. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या जमिनीत ५ टक्के चुनखडी सापडणं अगदी सामान्य आहे; म्हणजे ०.६ टक्के कर्ब चुनखडीचा. ०.५ मध्ये ०.६ मिळवा, १.१ झाले. आम्लधर्मी, चुनखडी नसलेल्या जमिनींची सवय असलेल्या प्रयोगशाळेला हे सांगितल्याशिवाय सुचत नाही. एकूण कर्ब हाच सेंद्रिय कर्ब समजून लिहिलेला निष्कर्ष मग आपल्या शेतकऱ्याला ‘तुझी जमीन उत्तम आहे’ असं खोटंच सांगतो.

उपाय दोन. चुनखडीचा कर्ब कॅल्सिमीटरनं (आम्ल टाकल्यावर चुनखडीतून निघणारा वायू मोजणाऱ्या उपकरणानं) वेगळा मोजून वजा करावा. किंवा यंत्रात घालण्यापूर्वी आम्लाच्या वाफेनं चुनखडी काढावी. दुसऱ्या पद्धतीत सुमारे ३० मिलिग्रॅम बारीक माती चांदीच्या कुपीत घेतात, ती पाण्याच्या थेंबानं ओली करतात आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या चंचुपात्राशेजारी बंद डेसिकेटरमध्ये (घट्ट झाकणाच्या काचपात्रात) सहा ते आठ तास ठेवतात, नंतर ६० अंशाला वाळवतात. कुपी चांदीचीच हवी, कथलाची या आम्लात टिकत नाही. माती कोरडी राहिली तर वाफेचा परिणाम होत नाही. आणि आपल्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांना हा वेळ कधी कधी कमी पडतो. एखाद-दुसऱ्या नमुन्यावर आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का ते पाहावं. मुळात खडे चाळणीवर वेचून, त्यांचं वजन नोंदवून मगच माती दळावी. दोन मिलिमीटर चाळणीतली माती यंत्रासाठी जाडच असते. एवढ्या छोट्या नमुन्यासाठी ती पिठासारखी बारीक हवी.

घनतेचा घोळ याहून कमी दिसतो पण तितकाच नुकसान करतो. हेक्टरी कर्ब काढायचा तर टक्केवारी गुणिले घनता गुणिले सेंटिमीटरमधली खोली. ०.५ टक्के कर्ब आणि १.४ घनता धरून १५ सेंटिमीटरला १०.५ टन येतात, घनता १.२ धरली तर ९ टन. काळी माती ओलीत फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते, म्हणून एकाच शेतात नोव्हेंबर आणि एप्रिलमध्ये घनता वेगळी भरते. दीड टनाचा हा फरक पाचट किंवा शेणखतामुळे काही वर्षांत पडणाऱ्या फरकाएवढा, कधी त्याहून मोठा असू शकतो. दोन्ही वेळच्या मोजणीला ओलावा सारखा ठेवावा, नाही जमलं तर खोलीऐवजी मातीच्या समान वस्तुमानावर हिशेब करावा. ही अट कार्य आराखड्यात लिहून ठेवावी, कारण तिसऱ्या वर्षी नवा विद्यार्थी येतो आणि त्याला हे कोणी सांगत नाही.

पहिल्या खऱ्या नमुन्याआधी दहा-बारा मातींची अदलाबदल करावी: चांगली घुसळून दोन समान वाटे, एक इकडे, एक तिकडे, दोन्हींवर नुसते क्रमांक. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नये. नंतरही दर २० नमुन्यांमागे एक दुबार आणि एक माहीत असलेली माती घालावी.

माणसं आणि शेतकरी

शेतावर नमुने घ्यायला येणाऱ्या परदेशी संशोधकाला पर्यटक व्हिसा चालत नाही. संशोधन व्हिसा लागतो आणि त्याच्या अर्जात प्रकल्प व ठिकाणं लिहावी लागतात. निमंत्रणपत्रात तालुक्यांची नावं घालावीत. त्यांना आठवणीनं सांगायची गोष्ट म्हणजे उपग्रह फोन किंवा उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं गिर्यारोहकांचं छोटं उपकरण भारतात परवानगीशिवाय आणता येत नाही. तिकडे ते क्षेत्रकामाचं साधं सुरक्षा साधन असतं. इथं विमानतळावर त्यासाठी अटक झाल्याची उदाहरणं आहेत. ड्रोनही आणू नयेत; इथला परवानाधारक चालक भाड्यानं घ्यावा.

शेतकऱ्याची संमती मराठीत, एका पानात आणि मोठ्या अक्षरात असावी. सातबारावर नाव एकाचं आणि जमीन कसणारा बटाईदार दुसरा असेल तर दोघांची घ्यावी. सर्वेक्षणात उत्पन्न, कर्ज, कुटुंब यांची माहिती विचारणार असाल तर तिकडच्या विद्यापीठाची नैतिकता समिती इथल्या समितीची मान्यता मागते; आपल्या विद्यापीठात ती नसेल तर जवळच्या वैद्यकीय किंवा समाजशास्त्राच्या संस्थेशी आधीच बोलावं. माहिती खुली करताना शेताचे अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंत गोल करावेत. त्यानं ठिकाण सुमारे एक किलोमीटरनं पुसट होतं आणि शेतकरी ओळखू येत नाही. आणि निकालाचा कागद खरिपाच्या पेरणीआधी त्याच्या हातात द्यावा. त्यानं माती दिली, उभ्या पिकात आपल्याला फिरू दिलं. जूननंतर आलेला खताचा सल्ला त्याच्या उपयोगाचा नसतो.

प्रकल्प मधेच थांबला तर

जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत रोखली आणि यूएसएआयडी या तिथल्या सरकारी मदत संस्थेच्या निधीवर चालणाऱ्या अमेरिकी विद्यापीठांच्या बहुतेक कृषी प्रयोगशाळांचं काम काही आठवड्यांत बंद पडलं. तेव्हापासून करारातलं समाप्तीचं कलम आम्ही सर्वांत आधी वाचतो. किमान ६० दिवसांची सूचना, सूचनेच्या काळातले पगार, आधीच दिलेल्या खरेदी आदेशांची रक्कम आणि उभं पीक काढेपर्यंतचा खर्च मिळेल, हे त्यात असावं. मूळ निधीच बंद झाला तर सूचनेचा कालावधी लागू होणार नाही, असं वाक्य तिकडून घातलं जातं. ते निघत नसेल तर पगाराचा दोन महिन्यांचा भार विद्यापीठाच्या स्वतःच्या शीर्षातून उचलण्याची मंजुरी आधीच घेऊन ठेवावी.

उपकरणांची मालकी प्रकल्प संपताना आपल्याकडे येईल असं लिहून घ्यावं आणि खोकं उघडल्याच्या दिवशी जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या सरकारी नोंदवहीत) नोंद करावी. नोंद नसलेल्या यंत्राचा देखभाल करार होत नाही, सुटे भाग घेता येत नाहीत, आणि ते कोपऱ्यात धूळ खात पडतं. राखून ठेवलेल्या मातीचं तसंच. प्रत्येक नमुन्याची २०० ग्रॅम माती घट्ट झाकणाच्या डब्यात, पेन्सिलनं लिहिलेलं एक लेबल आत, एक बाहेर. गाव, गट क्रमांकाऐवजी संकेतांक, खोली, तारीख आणि चाळणीचं माप. डब्यांची यादी विभागाच्या भांडारात सहीनिशी द्यावी, म्हणजे दहा वर्षांनी कोणी त्याच शेतात पुन्हा माती घेतली तर जुनी आणि नवी माती एकाच यंत्रावर शेजारी शेजारी तपासता येईल.